नऊ जण आत, सतरा जण बाहेर

पत्र

ताई, राजापूर तालुक्यात आडिवऱ्याच्या जरा पुढे आमची वाडी आहे. माझं झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान असल्यामुळे फॉर्म भरण्यापासून गाडी ठरवण्यापर्यंत वाडीची कामं माझ्याकडेच येतात. गेल्या महिन्यात रत्नागिरीत एका वाहिनीच्या विनोदी कार्यक्रमाचं शूटिंग होतं. प्रेक्षक जमवणाऱ्या माणसाने मला ३० फुकट पास दिले. आम्ही २६ जण निघालो, नऊ जण सुमोतून आणि सतरा जण ट्रॅव्हलरमधून. दोन्ही गाड्यांचे ११,००० झाले. माणशी ४०० रुपये काढले, वरचे ६०० मी घातले.

सुमो पुढे गेली, मी तिच्यातच होतो. ट्रॅव्हलरमध्ये बायका, मुलं आणि वयस्कर मंडळी होती. ती पावसला स्वामींच्या दर्शनाला थांबली आणि पाऊण तास मागे पडली. तोवर हॉल भरला म्हणून गेट बंद केलं. हातात पास असून सतरा जण बाहेर. ‘उभं राहून बघतो’ म्हटलं तरी सोडलं नाही. आमचे मोबाईल दारातच जमा करून घेतले होते, त्यामुळे आत मला काहीच कळलं नाही. साडेतीन तासांनी बाहेर आलो तर माझे थोरले काका कंपाउंडच्या कट्ट्यावर बसलेले. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. त्यांचं वय ७४. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नाहीत.

नंतर कळलं की हॉल ६०० खुर्च्यांचा होता आणि पास ९०० वाटले होते. ही फसवणूक नाही का? तक्रार कुठे करायची? काही जण ४०० रुपये परत मागतायत, ते मी द्यायचे का? आणि पुढच्या महिन्यात चिपळूणला शूटिंग आहे. त्याच माणसाचा फोन आला, ‘४० पास देतो’ म्हणून. घेऊ का?

— वाडीतला एक

उत्तर

६०० खुर्च्या आणि ९०० पास हे आकडे ऐकून तुझं डोकं फिरलं असेल. पण ही कुणाची मोजण्यातली चूक नाही. हा आकडा मुद्दाम काढलेला असतो, आणि तो कसा काढतात हे तुला कळलं तर पुढचं बरंच सोपं होईल.

राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत रत्नागिरी केंद्रावर मी कितीतरी वर्षं दारावर उभी राहिले आहे. तिथे एक गोष्ट दर वर्षी दिसायची. थोड्याशाच रुपयांचं का होईना, पण तिकीट काढलेला माणूस येतोच. पास घेतलेल्याच्या घरी पाहुणे आले, पोराला ताप आला, नाहीतर संध्याकाळी नुसता कंटाळा आला, की तो येत नाही. त्याच्या खिशातून काही गेलेलं नसतं. शूटिंगवाल्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. तीन पासवाल्यांतले दोनच येणार असा त्यांचा अंदाज असेल, तर ६०० खुर्च्या भरायला ९०० पास वाटावे लागतात. तुझ्या पत्रातला आकडा नेमका या हिशेबात बसतो.

खुर्च्या भरायची एवढी निकड कशासाठी, असं तू विचारशील. एक कारण सरळ आहे, कॅमेरा प्रेक्षकांवर फिरला की रिकामी रांग लगेच दिसते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. हसू एकट्याला येत नाही. रॉबर्ट प्रोव्हाईन या अमेरिकन अभ्यासकाने लोकांच्या हसण्याच्या नोंदी ठेवल्या तेव्हा त्याला आढळलं की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट चारचौघांत हसतो. आपल्या नमनात, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्यात, संकासुराचं सोंग अंगणात आलं की पहिल्यांदा पोरं हसतात, मग बायका, मग मागे उभे असलेले पुरुष, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. मधे माणसं नसतील तर ते हसू मागपर्यंत पोचत नाही. अर्ध्या भरलेल्या हॉलमध्ये चांगल्या नटाचाही विनोद पडतो. म्हणून फुकट शूटिंगला जास्तीचे पास वाटणं ही जगभरची पद्धत आहे. लंडनमध्ये बीबीसीच्या कार्यक्रमांची तिकिटं मोफत असतात. आसनांपेक्षा जास्त तिकिटं देतो आणि तिकीट असलं तरी प्रवेशाची हमी नाही, हे बीबीसी स्वतःच सांगते. न्यूयॉर्कच्या ‘सॅटरडे नाईट लाईव्ह’साठी लोक आयत्या वेळच्या रांगेत ताटकळतात, आणि आत सोडलं जाईल याची खात्री त्यांनाही कुणी देत नाही.

तिथे आणि तुझ्याकडे फरक एवढाच, की तिथे माणसाला हे आधी सांगितलेलं असतं. तुला कुणी सांगितलं नाही. फसवणूक हा मोठा शब्द आहे, तो मी वापरणार नाही. पण सांगायची गोष्ट लपवली, हे मात्र मी स्पष्ट म्हणेन. त्या पासावर बारीक अक्षरात ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ असं काही छापलंय का, ते एकदा बघ. असेल तर ते मराठीत होतं का, आणि आप्पांसारख्या माणसाला चष्मा लावून तरी वाचता आलं असतं का, तेही बघ.

आता ज्या जागी हा हिशेब आपल्याकडे फसतो, ती जागा सांगते. तीनातले दोन येतात हा अंदाज मोठ्या शहरात बरोबर येतो, कारण तिथला प्रेक्षक सुटा असतो. बोरिवलीतला एक जण येत नाही, मुलुंडमधला एक येतो, कळव्याच्या दोघी मैत्रिणी ऐनवेळी रद्द करतात. कुणाचा कुणाशी संबंध नसतो, म्हणून सगळ्यांची सरासरी नीट बसते. आपल्याकडे प्रेक्षक वाडीने येतो. गाडी एक ठरते, वर्गणी निघते, ज्याने पैसे काढले तो ताप अंगावर घेऊन येतो. गावात कुणाचं मयत झालं तर मात्र तीसच्या तीस येत नाहीत. म्हणजे सगळे नाहीतर कुणीच नाही. तुमच्यासारख्या दहा-पंधरा वाड्यांना पास गेले असतील आणि त्या दिवशी कुठेच काही अडचण आली नसेल, तर ९०० मधले सहाशेपेक्षा जास्त दारात उभे राहणार हे उघड आहे. त्यात कॅमेऱ्याच्या क्रेनसाठी आणि ट्रॉलीच्या रुळांसाठी काही रांगा काढून टाकतात, त्या ६०० मधूनच जातात. मुंबईचं माप रत्नागिरीला लावलं, ही त्या प्रेक्षक जमवणाऱ्याची खरी चूक, आणि चिपळूणच्या आधी कुणीतरी त्याला ती समजावून सांगायला हवी. तूच सांगू शकतोस, कारण वाडी कशी निघते हे तुला माहीत आहे.

इथे तुझ्याकडचीही एक गोष्ट निघते. तू ३० पास घेतलेस आणि २६ जण गेलात. उरलेले चार पास दुकानाच्या ड्रॉवरमध्ये राहिले असतील. ‘चार कमी येतोय’ असा निरोप तू दिला नाहीस, कारण तो द्यायचा असतो हे तुला माहीत नव्हतं. सगळीकडे असेच चार-चार पास पडून राहतात, म्हणूनच ते ९०० छापतात. पुढच्या वेळी निरोप दे.

गेटवरच्या माणसावर मात्र राग धरू नकोस. देवळाच्या प्रांगणात आपण ‘जरा सरका रे’ म्हणतो आणि आणखी दहा जण मावतात. बंद हॉलमध्ये तसं करता येत नाही, आणि करूही नये. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार सिनेमागृहाला आग लागली आणि ५९ माणसं गेली. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवून बाहेर पडायची वाट अडवलेली होती. शूटिंगच्या दिवशी तर हॉलच्या मोकळ्या वाटांमध्ये केबल पसरलेल्या असतात, रूळ टाकलेले असतात. सतरा जणांना उभं राहून बघू दिलं नाही, ते योग्यच केलं. चुकलं ते त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर. जागा भरत आल्याचं दिसत असताना बाहेर कुणी सांगितलं नाही, आणि गेट बंद केल्यावर म्हाताऱ्या माणसांना साधी खुर्ची, पाणी काही दिलं नाही.

तक्रारीचं थोडक्यात सांगते, कारण त्यातून फार काही निघणार नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘सेवा’ची जी व्याख्या आहे, तिच्यातून मोफत दिलेली सेवा वगळली आहे. पास फुकट होता, म्हणून ग्राहक आयोगाचं दार तुमच्यासाठी उघडत नाही. या पासांसाठी मधल्या कुणी वाडीत पैसे घेतले असतील तर गोष्ट वेगळी, मग घेणाऱ्याकडे ते मागायचे आणि दाद लागत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर विचारायचं. विमान कंपन्याही जागांपेक्षा जास्त तिकिटं विकतात. पण तिथे प्रवाशाने पैसे मोजलेले असतात, म्हणून डीजीसीए या सरकारी विमान वाहतूक नियामकाचा नियम आहे. तिकीट असून चढू दिलं नाही आणि तासाभरात दुसरं विमान दिलं नाही, तर भरपाई द्यावी लागते. २४ तासांच्या आतलं विमान दिलं तर कमाल १०,००० रुपये, त्याहून उशीर झाला तर कमाल २०,०००. तुम्हाला हे लागू नाही. तरी त्या नियमातली एक गोष्ट मला फार आवडते. कुणाला खाली ठेवण्याआधी कंपनीने प्रवाशांना विचारायचं असतं, की आपणहून जागा सोडायला कुणी तयार आहे का.

त्या संध्याकाळी एखाद्याने माईकवर एवढं म्हटलं असतं, ‘बाहेर वयस्कर मंडळी आहेत, कुणी जागा देईल का?’ तर तुम्ही नऊच्या नऊ जण उठला असतात. त्याबद्दल मला शंका नाही. तुम्हाला कुणी विचारलंच नाही. आयोजकाला एक पत्र लिही, आणि त्यात भरपाई मागण्यापेक्षा हे लिही. पुढच्या वेळी गेट बंद करण्याआधी आत विचारा, आणि यावेळी परत गेलेल्यांची नावं लिहून घेऊन पुढच्या शूटिंगला त्यांना पहिल्या रांगेचा मान द्या. प्रेक्षक हवे आहेत त्यांना. असं पत्र ते वाचतील.

पैशाचं माझं मत ऐक. सतरा जणांचे ६,८०० रुपये तू एकट्याने परत करू नकोस. गाडीने नेलं आणि सुखरूप आणलं, त्याचे ते पैसे होते. कार्यक्रमाचे नव्हते. आज तू ते भरलेस तर वाडीच्या मनात तू सहलींचा कंत्राटदार होशील, आणि उद्या आंगणेवाडीच्या जत्रेला गाडी बंद पडली तरी हिशेब तुझ्या दुकानात येईल. पण ट्रॅव्हलरमध्ये एखादी अशी बाई असेल, जिने काजूच्या कारखान्यातला दिवस बुडवून वर ४०० काढले होते, तर तिचे पैसे आजच्या आज, कुणाला न सांगता देऊन टाक. कोण ते तुला माहीत असेल. बाकीच्यांसाठी नऊ जणांना एकत्र बसव. ज्यांनी कार्यक्रम पाहिला आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांनी सारखेच पैसे भरले, हे त्या नऊ जणांनाही टोचत असणार. रत्नागिरीत व्यावसायिक नाटकाचा प्रयोग लागला की निदान म्हाताऱ्या मंडळींची तिकिटं तुम्ही नऊ जणांनी काढा. त्या तिकिटावर रांग आणि खुर्चीचा नंबर छापलेला असतो. उशीर झाला, पहिला अंक बुडाला, तरी ती खुर्ची आपलीच असते.

चिपळूणचे ४० पास घेऊ नकोस. पाच-सात घे. त्यासाठी अशी माणसं निवड, जी दारातून परत फिरावं लागलं तरी परशुरामाचं दर्शन घेऊन, कुठेतरी वडापाव खाऊन हसत घरी येतील. तुमच्या वाडीपासून चिपळूण लांब आहे, महामार्गाचं काम कुठे अडवेल ते सांगता येत नाही, आणि शूटिंग रात्री किती वाजता संपेल हे त्या माणसालाही माहीत नसतं. रिटेक होतात, एखादं स्किट दोनदा करतात, लाईट बदलायलाच अर्धा तास जातो. ७४ वर्षांच्या माणसाला अशा अनिश्चित गोष्टीसाठी तेवढ्या लांब न्यावं असं मला वाटत नाही.

आणि पास हातात घेण्याआधी त्या माणसाला व्हॉट्सॲपवर विचार, म्हणजे उत्तर लेखी राहील. खुर्च्या किती, त्यातल्या कॅमेऱ्यासाठी किती गेल्या, एकूण पास किती वाटणार? गेट किती वाजता उघडणार? (शूटिंग किती वाजता सुरू होणार हे विचारून उपयोग नाही, सगळा खेळ गेट उघडण्याच्या वेळेवर असतो. त्याच्या आधी तासभर रांगेत उभं राहायची तयारी हवी.) एका गटाची दुसरी गाडी मागून येत असेल तर त्यांच्या जागा किती वाजेपर्यंत धरणार? मोबाईल जमा केल्यावर बाहेरचा निरोप आत कसा पोचणार? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नसेल, तर तुमच्यातला एक जण फोन घेऊन शेवटपर्यंत बाहेर थांबायला हवा. सगळे आत गेल्याशिवाय त्याने गेट सोडायचं नाही. रत्नागिरीला हेच राहिलं. पुढे जायची गाडी तरण्या पोरांची ठरली आणि मागची म्हाताऱ्यांची, हे तेव्हा कुणाला खटकलं नाही. ज्यांना रांगेत उभं राहणं जड जातं त्यांची गाडी आधी सोडायची, आणि देवदर्शन परतीच्या वाटेवर किंवा दुसऱ्या दिवशी ठेवायचं.

राहिले आप्पा. पत्रात तू त्यांच्याबद्दल चार-पाच ओळीच लिहिल्या आहेस, पण बाकीचे सगळे प्रश्न तू त्यांच्यासाठीच विचारलेस असं मला वाटतं.

कार्यक्रम चुकल्याचं त्यांना एवढं वाईट वाटलं नसेल. हॉलच्या भिंतीपलीकडून हसण्याचे आवाज येत असतील, साडेतीन तास. त्या हसण्यात आपला पुतण्या आहे आणि आपण इथे कट्ट्यावर आहोत, बरोबरच्या बायका-मुलांना काय सांगायचं ते आपल्याला सुचत नाही. घरातल्या थोरल्या माणसाला हे फार लागतं. तू आत होतास हे तुझ्या हातात नव्हतं, मोबाईल नव्हता, कळायला मार्ग नव्हता. सगळं खरं आहे. पण तू त्यांच्याकडे गेलास की हे आधी सांगू नकोस. ‘मला माहीत असतं तर मी उठलो असतो’ हे वाक्य खरं असलं, तरी पहिल्यांदा उच्चारलं की ते सफाई दिल्यासारखं ऐकू येतं. ९०० पासांचा हिशेबही सांगू नकोस. संध्याकाळी त्यांच्या पडवीत जाऊन बस. ते बोलले नाहीत तर न बोलता बस, काकू चहा आणेल तो पी. तोंड उघडशील तेव्हा एवढंच म्हण, ‘आप्पा, तुम्ही आत आलात की नाही ते बघायच्या आधी मी जाऊन बसलो. माझं चुकलं.’ त्यापलीकडे ते काय बोलतील ते ऐकून घे. रागावले तर रागावू दे. त्या दिवशी बाहेर काय काय झालं, कोण रडलं, पोरांना पाणी कुठून आणलं, हे त्यांना कुणीतरी विचारायला हवं आहे आणि अजून कुणी विचारलेलं नसणार. तू विचार.

मात्र फार दिवस लावू नकोस. तो भाग आता कधीही टीव्हीवर लागेल. प्रेक्षकांवरून कॅमेरा फिरताना त्यात तू दिसलास, हसताना दिसलास, आणि त्या आधी तू त्यांच्या पडवीत गेलेला नसलास, तर मग जाणं फार कठीण होईल. प्रक्षेपणाची तारीख कळायची वाट पाहू नकोस. हे उत्तर वाचून होईल त्याच संध्याकाळी दुकान तासभर आधी बंद कर आणि जा.